‘कोणी आणलं?’ हा रकाना

मी किस्से जमवायला कुठे गेलो नाही. दाराशी खुर्ची टाकून सात वर्षं बसलं की ते आपोआप जमतात. आत जाणारा एक सोडून जातो, बाहेर येणारा दुसरा. घरी सांगायला लागलो की सगळे म्हणतात, लिहून ठेवा. म्हणून लिहितोय. शिक्षण सातवी. लिहिण्यात चूक दिसली तर ज्यानं त्यानं आपल्या मनात दुरुस्त करावी, मला कळवू नये.

मी मूळचा भुसावळचा. रेल्वेत डब्यांचा फिटर होतो. बदली जयपूरला झाली, मुलं इथंच शिकली, मी इथंच निवृत्त झालो. घरी बसवेना. विद्याधर नगरात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चौदा माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. तिथे दाराशी बसतो. पाहुण्यांची नोंद, किल्ल्या, पिण्याचं पाणी, दिवे, सगळं माझ्याकडे. एकच हॉल आहे. आत कोणी शिंकलं तरी मला ऐकू येतं. तिथलं बोलणं सगळं हिंदीत. इथे मराठीत मांडतो.

माझ्यासमोर रजिस्टर असतं. त्यात सहा रकाने: नाव, कोणाकडे, कोणी आणलं, सोबत, आत, बाहेर.

गेल्या थंडीत मालक माझ्या टेबलाशी थांबले. म्हणाले, "तायडेजी, पुढच्या महिन्यात दारावर चेहरा ओळखणारं मशीन लागतंय. मग रजिस्टर बंद."

खुर्चीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही. पण त्या दिवसापासून रिकाम्या वेळी मी रजिस्टरची मागची पानं उलटायला लागलो. खालचे किस्से तिथेच सापडले.

*

‘कोणी आणलं’ हा रकाना पहिल्यापासून नव्हता.

आमच्याकडे नितीन म्हणून एक प्रोग्रामर आहे. हात भराभर चालतो, विचारायचं राहून जातं. त्यानं आपल्या ओळखीच्या अमितला मुलाखतीला बोलावलं. अमितबरोबर त्याचा एक मित्र आला. अमितची मुलाखत अर्ध्या तासात आटोपली, जमलं नाही, तो निघून गेला. मित्र राहिला.

तो एका रिकाम्या खुर्चीवर बसला. दुपारी सगळ्यांबरोबर जेवला. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. त्याला कोणीतरी कॉम्प्युटर दिला, कोणीतरी पासवर्ड दिला. एकाचा वाढदिवस होता, केक कापताना तो टाळ्या वाजवायला पुढे होता.

तिसऱ्या दिवशी शेखावतजींचं लक्ष गेलं. शेखावतजी म्हणजे प्रोग्रामरांचे प्रमुख. रागावले तरच खुर्चीवरून उठतात. त्या दिवशी उठले.

"तुम्ही कोणाच्या टीममध्ये?"

"मी अमितबरोबर आलोय."

"कोण अमित?"

"तो परवाच गेला सर. पण मला जा असं कोणी म्हटलं नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी घेऊन रजिस्टरमध्ये एक जादा रेघ मारली.

*

त्यानंतर एका दुपारी आत आरडाओरडा सुरू झाला. शेखावतजी पुन्हा उभे. "हे कोणी आणलं? कोणी आणलं हे?"

मी रजिस्टर उघडलं. पण ते माणसाबद्दल विचारत नव्हते.

आमच्याकडे जावा नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहितात. सगळं स्वतः लिहीत नाहीत. दुसऱ्यांनी करून ठेवलेले तयार तुकडे वापरतात. त्याला लायब्ररी म्हणतात. एका फाइलमध्ये यादी करायची, ही हवी, ती हवी. एक यंत्रणा ती यादी वाचते, इंटरनेटवरून सगळं उतरवून आणते आणि जोडून देते. एवढं मला ऐकून ऐकून ठाऊक झालं होतं.

त्या दिवशी मेधानं प्रिंट काढली. मेधा आमच्यातली सगळ्यात सावकाश काम करणारी आणि सगळ्यात कमी चुकणारी. वडील बँकेत, नागपूरहून बदलून आलेले. ती जन्मली इथेच. माझ्याशी हट्टानं मराठीत बोलते, अडखळली की मध्ये ‘मतलब’ घालते आणि पुढे जाते.

प्रिंटर माझ्या मागे आहे, म्हणून कागद आधी माझ्या हातात आले. अकरा पानं. डावीकडे एक नाव. त्याखाली थोडं आत सरकून दुसरं. त्याखाली अजून आत सरकून तिसरं. काही नावं पानाच्या मध्यापर्यंत आत घुसलेली. ते लोक याला झाड म्हणतात.

"हे काय?" मी विचारलं.

"काका, आपण तारखांच्या कामासाठी एक लायब्ररी मागवली. तिला स्वतःला, मतलब, आणखी दोन लागतात. त्या ती बरोबर घेऊन आली. त्या दोघींनी आपापल्या आणल्या."

"त्यांना कोणी बोलावलं?"

"कोणीच नाही."

"मग आत कशा आल्या?"

"तिथे दाराशी तुमच्यासारखं कोणी बसत नाही, काका."

आम्ही दोघांनी पेन्सिल घेऊन अकरा पानं मोजली. आमच्या यादीत लिहून, नाव घेऊन बोलावलेल्या लायब्रऱ्या नऊ निघाल्या. बाकीचे सगळे अमितचे मित्र!

*

थंडीत ऑफिसची सहल कानोत्याच्या बंधाऱ्यावर जाते. त्या वर्षी दाल-बाटी ठरली. शेखावतजींनी मेधाला सांगितलं, आचारी तू बघ. नितीन तिथेच उभा होता. कोणी न सांगता त्यानं आपल्या चुलतभावाला फोन केला. चुलतभावानं शेजाऱ्याला सांगितलं. शेजाऱ्यानं आचारी धाडला.

बंधाऱ्यावर पोचलो तर दोन आचारी, चूल एक. दोघेही पातेलं ठेवायला पुढे.

शेखावतजींनी निकाल दिला. "मेधानं थेट बोलावलाय तो राहील. दुसरा कोणाच्या कोणाकडून आलाय, त्याला चहा देऊन परत पाठवा."

दुसऱ्यानं चहा घेतला, गाठोडं स्कूटरला बांधलं आणि गेला. मग पहिल्यानं डाळ चढवली आणि विचारलं, "पोळ्या किती जणांच्या?"

"पोळ्या कसल्या? बाटी!"

"बाटी मला येत नाही साहेब. मी मेसमध्ये पोळ्या करतो."

कानोत्याला जाऊन आम्ही डाळ-पोळी खाऊन आलो.

सोमवारी प्रोग्राम सुरू झाला, नीट चालला आणि मधेच एका ठिकाणी पडला. एकच लायब्ररी दोन वाटांनी आली होती. एक जुन्या व्हर्जनची, एक नव्या. दोघींना एकत्र ठेवता येत नाही. ती यंत्रणा काय करते, तर आपल्या यादीच्या जी जवळ असेल ती ठेवते, लांबून आलेली सोडून देते. जवळची होती ती जुनी. काम सांगितलं ते फक्त नवीला येत होतं.

शेखावतजी पडद्याकडे बघत राहिले. नितीन मागून हळूच म्हणाला, "सर, जवळचा आचारी ठेवला. पण त्याला बाटी येत नाही."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात त्या बिघाडाचं नाव बाटी. नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं, "बाटी आलीये, बघ जरा." तो उठून जेवणाच्या टेबलाकडे जातो.

*

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे. तो मी गाळणार नाही.

पाण्याच्या कूलरचा मेकॅनिक यायचा, त्याच्याबरोबर एक गृहस्थ असायचे. पन्नाशीचे, शांत. कूलरचं काम मेकॅनिक करायचा, हे बसून राहायचे. एकदा बसल्या बसल्या त्यांनी आमचा अडकलेला प्रिंटर उघडला आणि पाच मिनिटांत चालू करून दिला. मग तो पायंडाच पडला. प्रिंटर अडकला की आम्ही कूलरच्या मेकॅनिकला फोन करायचो, "कूलर जरा बघून जा." कूलर चांगलाच असायचा. मेकॅनिक पाणी पिऊन बसायचा आणि ते गृहस्थ प्रिंटर उघडायचे. दोन वर्षं असं चाललं.

मग मालकांनी नवा कूलर घेतला. त्याचा मेकॅनिक कंपनीचा, तो एकटा आला. पुढच्याच आठवड्यात प्रिंटर अडकला. सगळे माझ्याकडे. "तायडेजी, त्यांचं नाव काय? नंबर काय?"

मी रजिस्टर उघडलं. ‘सोबत’ या रकान्यात दोन वर्षं माझ्या अक्षरात एकच शब्द: "एक जण."

त्या दिवसापासून मी सोबत्याचं नाव लिहितो, फोनही लिहितो.

पंधरा दिवसांनी प्रोग्राम जुळेना. पडद्यावर चाळीस ठिकाणी चुकीची लाल खूण. नितीन ओरडत होता, "सर, मी काही केलं नाही! एका लायब्ररीचं फक्त नवीन व्हर्जन घेतलं!"

मेधानं शोधून काढलं. जुनं व्हर्जन येताना बरोबर दुसरी एक लायब्ररी आणायचं. नितीन त्या दुसरीकडून दोन वर्षं काम करून घेत होता. आपल्या यादीत तिचं नाव कधी लिहिलंच नव्हतं. गरज काय, ती येतच होती! नवं व्हर्जन आलं ते एकटं.

मेधा माझ्याकडे बघून हसली.

मी नितीनला म्हणालो, "जो आपलं काम करतो, त्याचं नाव आपल्या यादीत पाहिजे. दुसऱ्याच्या रकान्यात नको."

नितीननं तेव्हाच नाव लिहिलं, चाळीस ठिकाणचं लाल गेलं. प्रिंटरवाले गृहस्थ मात्र अजून सापडलेले नाहीत.

*

एकदा शेखावतजींचा संयम सुटला. "ज्यांना आपण बोलावलं नाही त्या सगळ्या बाहेर! एकही नको!"

तशी सोय असते. लायब्ररीच्या नावाखाली लिहायचं, येताना हिला आणू नकोस. सगळी टीम दिवसभर तेच लिहीत बसली. संध्याकाळी झाड दोन पानांत आलं. स्वच्छ. शेखावतजींनी स्वतः चालू करायचं बटण दाबलं.

काही नाही. बोलावलेल्या नऊच्या नऊ आडव्या. त्यांच्या हाताखालच्या आम्ही काढून टाकल्या होत्या.

मी पाणी द्यायला आत गेलो होतो. म्हणालो, "साहेब, रेल्वेत लागण्याआधी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये होतो. मालकाचा जावई नवा नवा देखरेखीला आला. त्यानं वॉशरचा ढीग पाहिला आणि विचारलं, हे नकाशात कुठे दाखवलेत? नकाशात नव्हते. म्हणाला, मग बसवायचे नाहीत."

"मग?"

"नाही बसवले. आम्ही सांगितल्याप्रमाणे वागणारी माणसं."

"मग झालं काय?"

"ट्रॉली फाटकाबाहेर गेली. जावई संध्याकाळपर्यंत रस्त्यावर नट वेचत होता."

शेखावतजी खुर्चीवर बसले. दुसऱ्या दिवशी एकेक नाव घेऊन, ही कशासाठी आहे हे विचारून, पुन्हा आत घेतलं. खरोखर नको अशा निघाल्या तीन.

*

त्यावर मेधानं उपाय काढला. बाजारातून दुसरं रजिस्टर आणलं, माझ्यासारखेच रकाने आखले आणि माझ्याच टेबलावर ठेवलं. नियम असा की यादीत नवी लायब्ररी घालायची असेल तर आधी उठून दाराशी यायचं आणि हातानं लिहायचं. नाव, व्हर्जन, कोणी आणली, तिच्याबरोबर कोण कोण येतंय, कशासाठी हवी. खाली सही. व्हर्जनचे आकडे मेधानं एका जागी बांधून टाकले. प्रत्येक प्रोग्रामनं तिथलाच आकडा घ्यायचा. कोणीही कुठूनही आलं तरी आत येताना त्याच मापाचं.

नितीन म्हणाला, "आता जावापण तायडेजींना विचारून लिहायची?"

"मला नको विचारू," मी म्हणालो. "लिही."

पहिल्या खेपेला त्यानं व्हर्जनच्या रकान्यात लिहिलं, "जी ताजी असेल ती."

मी रजिस्टर परत त्याच्याकडे सरकवलं. "माणसाच्या नावाच्या जागी ‘जो येईल तो’ असं मी लिहू देतो का?"

खोडलं. आकडा घातला.

दुसऱ्या खेपेला ‘बरोबर कोण’ हा रकाना भरायला त्याला पाच नावं लिहावी लागली. पेन खाली ठेवून बोटं मोडत होता.

मी विचारलं, "कशासाठी हवी?"

"लोक नाव टाइप करताना पुढे-मागे रिकामी जागा सोडतात. ती काढायला."

"एवढ्यासाठी सहा जणी?"

"एकच हो. बाकीच्या बरोबर येतात."

"हे काम तुला स्वतःला येत नाही?"

"येतं ना! दोन ओळींचं आहे."

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो परत गेला आणि दोन ओळी लिहून टाकल्या.

संध्याकाळी शेखावतजी त्याचं काम बघत होते. म्हणाले, "वा, लायब्ररी न घेता केलंस! कोणी तपासलं?"

"तायडेजींनी."

*

आता मशीनचं.

मशीन मालकांचे साडू विकतात. ते बसवायचं त्या दिवशी सकाळी मालकीणबाईंचा मला फोन आला, "तायडेजी, माझ्या बहिणीचे यजमान येताहेत, त्यांना आत घ्या." साडू पावणेअकराला आले, मालकांच्या केबिनमध्ये बसले. मी रकाना भरला. नाव लिहिलं. कोणी आणलं: मालकीणबाईंची बहीण. तिच्याआधी: मालकीणबाई. जसं होतं तसं लिहिलं.

अकरा वीसला साडूंचा तंत्रज्ञ आला. हातात खोकं, खांद्याला पिशवी.

"सोबत काय?" मी विचारलं.

"मशीन. ड्रिल."

"पिशवीत?"

"एक पेनड्राइव्ह आहे बाबा. पेनड्राइव्हपण लिहिणार का?"

"लिहिणार."

तो हसला. मी लिहिलं.

त्यानं माझ्या डोक्यावरच्या भिंतीला भोकं पाडली आणि मशीन बसवलं. मग एकेकाला समोर उभं करून चेहरे घेतले. शेखावतजी, मेधा, नितीन, सगळे. चौदा झाले. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. त्यानं हातातला कागद पाहिला.

"तुमचं नाव यादीत नाही, बाबा."

मी बसलो. मेधा तिथेच होती. ती काही बोलायला गेली, मी हात वर केला. तंत्रज्ञ आत सर्व्हर ठेवलेल्या खोलीत गेला, अर्ध्या तासानं बाहेर आला. मी खोलीत गेल्याची आणि आल्याची वेळ समासात लिहिली. नेहमी लिहितो तशी.

दुपारी अडीचला सांगानेरहून फोन आला. सांगानेरला ठप्प्यांनी हातछपाई करणारे आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक आहेत. त्यांचा माल परदेशी जातो, आणि कोणत्या पेटीत काय आहे याची यादी आमच्या प्रोग्राममधून निघते. त्या दिवशी दुपारी प्रोग्राम नेहमीप्रमाणे बंद करून पुन्हा चालू केला होता. तेव्हापासून यादी निघत नव्हती. पेट्या टेम्पोत भरलेल्या, टेम्पो साडेचारला विमानतळावर पोचायला हवा, आणि यादीशिवाय माल तिथे घेत नाहीत.

शेखावतजींनी पडदा पाहिला. "बाटी!"

सगळा हॉल उठला. "आज कोणी काय आणलं?"

नितीन धावत माझ्या टेबलाशी आला आणि दुसरं रजिस्टर उचलून सगळ्यांना दाखवू लागला. "बघा! बघा सर! आज माझी सही नाही! या महिन्यातच नाही!"

खरंच नव्हती. कोणाचीच नव्हती. मेधानं झाड काढून पाहिलं. झाडातही काही नाही. सगळे आकडे जिथल्या तिथे. पण प्रोग्राम म्हणत होता की जुनी लायब्ररी आहे, तिला हे काम येत नाही.

मालक केबिनमधून बाहेर आले. मागे साडू, हातात चहाचा कप. साडू म्हणाले, "तुमच्या मुलांना जमत नसेल तर माझा माणूस बघेल."

मालक घड्याळाकडे बघत होते. पावणेतीन.

मेधा माझ्या टेबलाशी उभी राहिली. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "काका, जुनी कुठून तरी आली आहे. मतलब, आमच्या यादीतून नाही, कोणाबरोबरही नाही. मग आली कशी?"

"आपल्या दारातून," मी म्हणालो. "दुसरं रजिस्टर ठेव. पहिलं बघ."

मी त्या दिवसाचं पान उघडून तिच्यासमोर फिरवलं. तिचं बोट ओळींवरून खाली आलं आणि ‘सोबत’ या रकान्यात थांबलं.

"पेनड्राइव्ह कशाला?"

ती सर्व्हरच्या खोलीत पळाली. मागे नितीन, मागे शेखावतजी. मशीनचा हजेरीचा प्रोग्रामही जावातच लिहिलेला. तंत्रज्ञानं तो बसवताना त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या पेनड्राइव्हवरून उतरवल्या होत्या, आणि ज्या फोल्डरमधून आमचा प्रोग्राम आपल्या लायब्रऱ्या उचलतो, नेमक्या त्याच फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. त्यात एक आमच्यातलीच, पण कैक वर्षं जुनी. फोल्डरमध्ये आता दोघी. दुपारी चालू होताना आमच्या प्रोग्रामच्या हाताला जुनी लागली.

मेधानं त्या उतरवलेल्या सगळ्या काढून टाकल्या. प्रोग्राम परत चालू केला. तीनला पाच मिनिटं कमी असताना सांगानेरहून फोन आला, यादी निघाली, टेम्पो निघाला.

त्याच वेळी माझ्या डोक्यावरचं मशीन बंद पडलं.

साडू म्हणाले, "हे काय! आमचा प्रोग्राम बंद केला तुम्ही!"

सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. साडू केबिनमध्ये परत गेले आणि त्यांनी आणखी एक चहा मागवला.

सव्वापाचला मालक माझ्या टेबलाशी आले. उभ्या उभ्या रजिस्टर आपल्याकडे फिरवलं आणि त्या दिवसाचं पान वाचलं. सगळं वाचलं, वरपासून. तंत्रज्ञाच्या, मशीन लिहिलेल्या ओळीवर आले. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, ‘बाहेर’ या रकान्यात लिहिलं, पाच वीस, आणि तंत्रज्ञाला बोलावून म्हणाले, "काढ."

तो स्टुलावर चढला. माझ्या खांद्यावर भिंतीचा चुना पडत होता. मी खुर्ची सरकवली नाही.

मालक म्हणाले, "रजिस्टर संपत आलंय, तायडेजी. उद्या नवं आणा. हेच रकाने."

"आणतो."

ते वळले. मी वरची एक ओळ बोटानं दाखवली. साडू, आत पावणेअकरा. ‘बाहेर’ रिकामं.

"साहेब, यांची वेळ काय लिहू?"

मालकांनी ती ओळ पुन्हा वाचली. कोणी आणलं: मालकीणबाईंची बहीण. तिच्याआधी: मालकीणबाई. केबिनकडे पाहिलं. आतून चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी पेनला टोपण लावलं आणि माझ्या हातात दिलं.

"ती जागा रिकामीच राहू द्या."